टीव्हीवर जाळलेलं मोहळ

टीव्हीवर मधमाशी दोनच कामं करते. एक तर फुलावर बसून गोड गोड गाणं म्हणते, न्हाई तर माणसाच्या मागं लागून त्याला विहिरीत उडी मारायला लावते. तिसरं काम तिला कुणी करू दिलेलं मी पाह्यलं न्हाई. आमच्या घरात आता रंगीत टीव्ही आहे. नातसून दिवसभर लावून ठेवते आणि मधमाशी दिसली की मला हाक मारते, "आजोबा, तुमच्या माश्या आल्या." मी उठून जातो. मधाच्या जाहिरातीत माशीला पापण्या काढलेल्या असतात आणि ती डोळा मारते. माशीला पापणी नसते. मी म्हणतो, बंद कर. ती बंद करत न्हाई आणि मीबी बघत बसतो.

बघत बसतो याला कारण आहे. मी स्वतः टीव्हीवर येऊन गेलेला माणूस आहे. आमच्या गावात एकाच्याबी घरात टीव्ही नव्हता, जालन्यातसुद्धा तो कुणी पाह्यलेला नव्हता, त्या काळात मी त्याच्यावर येऊन गेलो. सत्तर सालानंतरची, जालना जिल्हा व्हायच्या आधीची ही गोष्ट आहे. मी तिसरीपर्यंत शिकलो. लिहिता येतं, पण सावकाश. यात चुका निघतील. ज्याला चुका काढायच्या असतील त्यानं आधी काट्याच्या बोरीत हात घालून दाखवावा.

आमचं गाव टेंभुर्णीपासून पायी दीड तासावर. थोडी शेती होती, पण मला लोक ओळखायचे ते मोहळ काढणारा म्हणून. मोहळ दोन जातीचं. एक आग्या. ते उंच वडावर, नदीच्या दरडीवर बसतं आणि चिडलं तर बैल मारतं. दुसरं फुलोरी. तळहाताएवढं पोळं, बोरीच्या, हिवराच्या फांदीला लटकलेलं, माश्या बारीक आणि गरीब. मी फुलोरीचा माणूस. बाकीचे लोक पलिता पेटवायचे, माश्या जाळायचे, फांदी तोडून पोळं सगळंच घरी न्यायचे. आमच्या वडलांनी तसं कधी केलं न्हाई आणि मला करू दिलं न्हाई. फुलोरीच्या पोळ्यात मध वरच्या बाजूला असतो, फांदीला गुंडाळलेला गड्डा. खाली पिलं. आम्ही हळूच फुंकर घालून माश्या बाजूला सारायचो, मधाचा गड्डा कापून घ्यायचो आणि पिलांचं पोळं अंबाडीच्या दोऱ्यानं परत त्याच फांदीला बांधून द्यायचो. माशी परत येऊन बसते. त्याच फांदीवर महिन्या दीड महिन्यानं परत मध.

दुसरा रिवाज असा की झाडाच्या धन्याला विचारल्याशिवाय झाडाला हात लावायचा न्हाई. धनी घरी नसला तर परत यायचं. "काढू का?" असं विचारायचं आणि तो "काढ" म्हणाला की काढायचं. मधाची निम्मी वाटणी त्याची. वडील मोठे कडक होते. म्हणायचे, मोहळ माशीचं असतं, पण झाड धन्याचं असतं.

सगळ्यात जास्त मोहळं माझ्या अक्काच्या बांधावर होती. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आमची आई मी चार वर्षांचा असताना गेली. मला अक्कानं वाढवलं. तिचं लग्न गावातच झालं आणि दाजी लवकर गेले. एकच पोरगी, ती पुण्याला दिलेली. अक्का एकटी तीन एकर करायची. नदीकाठच्या तुकड्यात ती कांद्याचं बी धरायची. बियासाठी लावलेल्या कांद्याला आम्ही डोंगळा म्हणतो. त्याला लांब दांडी येते, टोकावर पांढऱ्या फुलांचा चेंडू येतो, आणि त्या चेंडूवर माशी फिरली तरच बी भरतं. न्हाई फिरली तर पोचट. म्हणून तिच्या बांधावरच्या बोरीतली तीन मोहळं ती लेकरासारखी जपायची. मला काढू द्यायची, पण डोंगळा फुलात असताना न्हाई, आणि जवळ उभी राहून.

"नीट बांध. ढिलं बांधलंस."

"अक्का, मी हे करून राह्यलो वीस वर्षं."

"वीस वर्षं ढिलंच बांधून राह्यलास."

असं आमचं बोलणं.

तर एका थंडीत ग्रामसेवक माझ्या दारात आला. त्याच्यासोबत तीन माणसं, एक जीप. मुंबईचे टीव्हीवाले. शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम करायचे म्हणे. जालन्याकडची बियाण्याची शेतं बघायला आले होते, तिथं कुणीतरी सांगितलं की बियाला माशी लागते आणि माशीचा माणूस अमुक गावात आहे. साहेब गॉगलवाला, पण बोलायला चांगला. त्यानं मला खुर्चीवर बसवलं. माझीच खुर्ची, पण बसवलं त्यानं.

म्हणाला, "काका, आम्हाला दोन पद्धती दाखवायच्या आहेत. एक जुनी, जाळण्याची. आणि एक नवी, पेटीत माश्या पाळण्याची. पेटीचं आम्ही घाटावर घेतलेलं आहे. तुमच्याकडे जुनी पद्धत घेऊ."

मी म्हणालो, "मी जाळत न्हाई."

"कसं काढता मग?"

मी सांगितलं. बांधून देतो म्हणालो. साहेबानं मान हलवली. "तेही घेऊ," म्हणाला. "पण जाळण्याचं लागणारच. लोकांना चूक दिसली पाहिजे, तरच बरोबर काय ते कळतं. तुम्हाला जमत नसेल तर दुसरा कोणी बघतो."

इथं माझं डोकं फिरलं. या पंचक्रोशीत मोहळाचं काम मला जमत न्हाई आणि दुसऱ्याला जमतं, असं टीव्हीत जाणार? मी म्हणालो, "जमतं. सगळं जमतं. एक घंटा द्या."

माझ्या घरात टोपलीत एक वाळकं पोळं होतं. माश्या सोडून गेल्यावर पोळं तसंच फांदीला राहतं, त्याला पतंगाची अळी लागते, जाळी धरते. तसली पोळी मी मेणासाठी गोळा करून ठेवायचो. त्यातलं एक घेतलं, मोठं बघून. मनात हिशेब असा, की यांना आग दिसली की झालं, आणि माशी एक मरणार न्हाई. माझ्या अकलेवर मी खूष होतो.

आता जागा. माझ्या बांधावर बाभळी. क्यामेऱ्यावाला म्हणाला, इथं उजेड न्हाई. फिरता फिरता नदीकाठी आलो आणि त्याला अक्काची बोरीची रांग पसंत पडली. अक्का त्या दिवशी टेंभुर्णीच्या बाजारला गेल्ती. वडलांचा रिवाज मला आठवला न्हाई असं मी म्हणणार न्हाई. आठवला. पण जीप उभी, साहेब घड्याळ बघून राह्यला, अर्धं गाव जमलेलं. मी मनाला म्हणालो, बहिणीचं झाड, विचारायचं काय त्यात.

टोकाच्या बोरीला मी वाळकं पोळं बांधलं. लोक लांब उभे होते, मोहळाच्या कामाला कुणी जवळ येत न्हाई, त्यांना पोळं वाळकं आहे ते कळलं न्हाई. क्यामेऱ्यावाल्यानं पेटवायच्या आधी ते अगदी जवळून घेतलं. तो माझ्याच वयाचा, अबोल गडी, चावायची भीती त्याला कशी नव्हती देव जाणे. मंग मी पलिता लावला. वाळलेलं मेण आणि पाला, भडकन पेटलं. धूरबी चिक्कार.

साहेब लांबून ओरडला, "किती माश्या असतील हो काका यात?"

सगळं गाव बघत होतं. वाळकं आहे म्हणालो असतो तर जीप तशीच परत गेली असती आणि गावात हसू झालं असतं. मी छाती काढून म्हणालो, "असतील की हजारो!"

नंतर दुसऱ्या झाडावरच्या खऱ्या मोहळाचा मी गड्डा काढून, पोळं परत बांधून दाखवलं. तेबी त्यांनी घेतलं. ते करताना मी मोठा ऐटीत होतो. नवा फेटा घातला होता. पण जळक्या झाडाचा धूर वाऱ्यानं त्याच रांगेतून चालला होता. टीव्हीवाले गेले, आणि दिवस मावळायच्या आत अक्काच्या बांधावरची तिन्ही मोहळं उठून गेली. फुलोरीला धूर सोसत न्हाई. हे मला माहीत नव्हतं असंबी मी म्हणणार न्हाई.

अक्का बाजारातून आली ती सरळ शेतात गेली, कारण वाटेतच तिला चार जणांनी सांगितलं होतं. ग्रामसेवकानं तर हौसेनं सांगितलं, "अक्का, तुमच्या भावानं हजारो माश्या जाळल्या, टीव्हीत येणार!" मी पोचलो तेव्हा ती जळक्या फांदीखाली उभी होती. हाताला काळं लागलेलं.

"अक्का, ते वाळकं होतं."

"आन हजारो कुणी म्हणलं?"

"मी म्हणलो. पण ते उगंच म्हणलो."

"चार लोकांत एक बोलतोस आन मला एक सांगतोस. यातलं खरं कोणचं?"

"वाळकंच होतं गं. शपथ."

"मंग माझी मोहळं कुठं हायत?"

उत्तर नसलं की माणसानं गप बसावं. मी म्हणालो, "धूर वाऱ्यानं गेला, मी नेला न्हाई."

अक्कानं पदराला हात पुसले. "टीव्हीत येणार हाय ना? माझ्या डोळ्यानं बघीन. तिथं माशी जळताना दिसली तर तू माझा भाऊ न्हाई. तोवर माझ्या बांधावर पाय ठेवू नको, आन माझ्याशी बोलू नको."

मी हटवादी असलो तरी तिच्याहून कमी. ती बोलली न्हाई ती बोललीच न्हाई. रस्त्यात समोर आली तर माझ्या मागच्या झाडाकडं बघायची. माझी घरची मधल्यामध्ये निरोप न्यायची. संक्रांतीला अक्का आमच्या घरी आली, ओसरीवर बसली, तिळगुळाची पुडी काढली. एक वडी घरचीला, एक एक वडी लेकरांना, एक म्हशीच्या नावानं. मी खांबाला टेकून उभा होतो. पुडी बांधली आणि उठून गेली. म्हशीला वडी आणि मला न्हाई. त्या दिवशी मी जेवलो न्हाई, पण ते कुणाला सांगितलं न्हाई. आज लिहून राह्यलो.

माझं एकच म्हणणं होतं: एकदा टीव्हीत दिसू दे. आणि भीतीबी तीच. टीव्ही कसा असतो मला माहीत नव्हता. त्यात वाळकं पोळं वाळकं दिसतं का ओलं, कोण जाणे. साहेब तर ते जितं समजूनच गेला होता. समजून गेला होता म्हणजे मीच समजावलं होतं. माणसानं एकदा लबाडी केली की ती कुठवर जाते हे त्याच्या हातात राहत न्हाई. माझी तर मुंबईला गेल्ती.

माघ महिन्यात पोस्टकार्ड आलं. साहेब मोठा शब्दाचा. अमक्या दिवशी, संध्याकाळी अमक्या वेळेला कार्यक्रम दाखवणार, जमल्यास पाहावा. मी पोस्टमनपुढंच एकेक अक्षर लावून वाचलं आणि घरचीला अक्काकडं पाठवलं. अक्काचा निरोप आला, "पोरीकडं पुण्याला जायचंच हाय, लेकराला बघायला. तिच्या घरमालकिणीकडं टीव्ही हाय. पिशव्या उचलायला माणूस लागंल, त्याला यायचं तर यावं."

जालन्याहून पुण्याच्या एसटीत आम्ही दिवसभर एका बाकावर बसून गेलो. मधी ज्वारीच्या पिठाची पिशवी. तिनं भाकरीचं फडकं सोडलं तेव्हा दोन भाकरी पिशवीवर ठेवल्या आणि खिडकीला म्हणाली, "ज्याला भूक आसंल त्यानं खावं." मी खाल्लं. खिडकी काय खाणार.

भाचीनं मात्र घोटाळा करून ठेवला होता. माझा मामा टीव्हीत येणार, असं तिनं सगळ्या वाड्यात, खालच्या गल्लीत, नळावर सांगितलं होतं. घरमालकिणीच्या खोलीत मुंगी शिरायला जागा न्हवती. टीव्ही म्हणजे चार पायांचं लाकडी कपाट, त्याला सरकती दारं. घरमालकीणबाई मोठ्या आदबीच्या. मला पुढं खुर्ची दिली. "अहो, तुम्ही आज पाहुणे नाही, कलाकार!" म्हणाल्या. मी फेटा नीट केला. अक्का मागं बायकांत भिंतीला टेकून बसली.

कार्यक्रम लागला. आधी खतं, मंग भुईमूग. मला वाटलं आपलं राह्यलंच. तेवढ्यात एक फूल आलं, त्यावर माशी, आणि घूं घूं असा आवाज. मी खुर्चीतून पुढं झालो. माशी होती सातेरी, पेटीत पाळतात ती, आणि आवाज होता आग्याचा! माझ्या कानाला तो कसा चुकंल? एका माशीच्या तोंडी दुसरीचा आवाज घातला होता. वर आणि एक बाई गोड आवाजात सांगत होती की राणी हुकूम सोडते आणि बाकीच्या कामाला लागतात. मोहळात कुणी कुणाला हुकूम सोडत न्हाई. मी जन्मभर पाह्यलं. प्रत्येक माशीला आपलं काम ठाऊक असतं, म्हणून तर तिथं ग्रामसेवक लागत न्हाई.

मंग तो पेटीवाला आला. डोक्यापासून पायापर्यंत जाळी, हातमोजे, बूट. नवरीला एवढं झाकत न्हाईत. सगळं काळंपांढरं, आणि मध डांबरासारखा. तरी खोलीतले लोक "वा वा" करत होते.

आणि मंग अक्काच्या बोरी दिसल्या. मी ओळखल्या. वाजप बदललं, ढोल वाजायला लागला, जसं काही दरोडा पडणार आहे. बाई म्हणाली, "पण अजूनही अनेक ठिकाणी क्रूर पद्धतीने मध काढला जातो." पडद्यावर ते पोळं आलं. अख्ख्या काचेभर. मंग मी आलो, पाठमोरा, पलिता हातात. मंग आग. माझं तोंड धुरात. नवा फेटा पाठीमागून दिसला तेवढाच. "अशा रीतीने," बाई म्हणाली, "एका वेळी हजारो मधमाश्या जिवंत जाळल्या जातात."

माझाच शब्द. हजारो. मुंबईला जाऊन, पुण्याला येऊन माझ्या कानशिलात बसला.

मी बांधून दिलेलं मोहळ आता दाखवतील म्हणून मी वाट बघत होतो. दाखवलं न्हाई. परत पेटी आली, गाणं लागलं आणि संपलं.

सगळी माणसं वळून माझ्याकडं बघत होती. भाची खाली बघत होती. पुढं बसलेल्या एका पोरीनं विचारलं, "काका, त्या माश्या तुम्ही मारल्या?" घरमालकीणबाई म्हणाल्या, "अगं, असं विचारू नये," पण त्याबी उत्तराची वाट बघत होत्या. मी तोंड उघडलं. काय सांगणार होतो? वाळकं होतं म्हणून? टीव्हीपेक्षा माझं कोण ऐकणार? मी खुर्चीच्या दांडीला धरून उठायला लागलो.

मागून अक्काचा आवाज आला. "खोटं हाय."

सगळ्यांनी मान वळवली. अक्का उभी राह्यली होती. शेतात हाक मारावी तसा तिचा आवाज, त्या खोलीत मावेना. "ती बाई खोटं बोलून राह्यली. ते पोळं वाळकं हाय."

"म्हणजे?" घरमालकीणबाई.

"म्हणजे मेलेलं. सोडलेलं. जितं पोळं असतं ना बाई, त्याच्यावर माशीवर माशी बसलेली असती, पोळं दिसतच न्हाई. काळी घोंगडी टाकल्यावानी दिसतं. हितं तर भोकं दिसली. एकेक भोक मोजून घ्या. आन कडंला कोळ्याच्या जाळ्यासारखं होतं ते बघितलं का? पतंगाची अळी लागली की तसं व्हतं. एकबी माशी उडाली न्हाई पेटवल्यावर. जितं असतं तर हा असा नुसत्या फेट्यानं उभा राह्यला असता का? पळत सुटला असता नदीत!"

पोरंटोरं हसली. मी तसाच अर्धा उठलेला.

"मग असं का दाखवलं?" एकजण म्हणाला.

अक्कानं माझ्याकडं बघितलं. दोन महिन्यांनी पह्यल्यांदा. माझ्याकडं, माझ्या मागच्या झाडाकडं न्हाई. "त्याला इचारा. माझ्या भावाला. यडं हाय ते. खरं बोलायला लाज वाटली म्हणून आख्ख्या मुंबईला फसवून बसलं. आन बांधून देतं ते कामून न्हाई दावलं रे यांनी? ते दावायचं सोडून आग काय दावायची?"

"घेतलं होतं त्यांनी," मी म्हणालो. "असंल मुंबईत पडलेलं."

"बरं झालं. ढिलंच बांधलं आसंल."

आता सगळी खोली हसली. घरमालकीणबाईंनी चहा टाकला. त्या पोरीनं मला सत्तर प्रश्न विचारले आणि मी सगळ्यांची उत्तरं दिली, राणी हुकूम सोडत न्हाई इथपासून. पण माझं चित्त तिथं न्हवतं. मी खुर्ची सोडून खाली बसलो होतो आणि मनात एवढंच, की "माझ्या भावाला" म्हणाली. परक्या खोलीत, पन्नास माणसांत, मोठ्यानं.

बाकी तो कार्यक्रम कुठं कुठं पाह्यला गेला असंल, तिथं तिथं मी माश्या जाळणारा माणूस आहे. मुंबईत कुणी मला शिव्या दिल्या असतील. देऊ द्या. मी दुसऱ्या दिवशी साहेबाला पत्र लिहिणार होतो की खरं काय ते छापा. भाची म्हणाली, टीव्हीवाले छापत न्हाईत मामा. मंग न्हाई लिहिलं. ज्या एका माणसाला दिसायचं होतं त्याला दिसलं. क्यामेऱ्यावाल्यानं ते जवळून घेतलं नसतं तर काय झालं असतं, याचा विचार मी अजूनबी करतो. त्या अबोल गड्याला मी नावबी विचारलं न्हवतं.

परत येताना रातच्या एसटीत मधी पिशवी न्हवती, पीठ पोरीला दिलेलं. नगर मागं पडल्यावर अक्कानं कमरेची पिशवी सोडली आणि एक पुडी काढली. त्यात तिळगुळाची एक वडी.

"संक्रांतीची हाय. कडक झाली आसंल."

"मला ठेवल्ती?"

"म्हशीला दोन देणार होते. तिनं एकच खाल्ली."

मी वडी तोंडात टाकली. दगड होती. जालना येईस्तोवर चघळली.

सकाळी गावाच्या वाटेवर ती म्हणाली, "डोंगळ्याला फुलं आलीत."

"मला काय माहीत. माझा पाय बंद होता."

"मोहळबी आलंय. एक न्हाई, दोन. पुण्याला निघायच्या आधी आठ दिवस आलंय."

मी वाटेतच थांबलो. "आठ दिवस? आन मला सांगितलं न्हाई? मी तिकडं जीव मुठीत धरून…"

"बोलायचं न्हाई म्हणलं होतं ना मी," अक्का म्हणाली आणि पुढं चालू लागली.

तिच्या मागं मागं मी बांधावर गेलो. पांढऱ्या चेंडूंवर माश्या नुसत्या लोळत होत्या. तोच आवाज, बारीक, फुलोरीचा, टीव्हीतला न्हाई. जळक्या फांदीच्या शेजारच्या बोरीत एक पोळं चांगलं तळहातभर वाढलेलं, वर मधाचा गड्डा फुगलेला. मला चैन पडंना. पण हात लावायच्या आधी मी वळलो. बहिणीला मी हे जन्मात कधी मनापासून विचारलं न्हवतं, ती जवळ उभीच असायची म्हणून नुसतं तोंडानं म्हणायचो.

"अक्का, झाड तुझं हाय. काढू का?"

तिनं डोंगळ्याकडं पाह्यलं, मंग माझ्याकडं.

"न्हाई," म्हणाली. "फूल सरू दे."

मी बरं म्हणालो आणि बांधावर बसलो. तिनं मला ऊठ म्हणलं न्हाई.